माडाची जखम भरत नाही

आमच्या परड्यात विहिरीच्या काठाला एक जुना माड आहे. कामावर नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात माडावर चढायचं मशीन देत नाही. त्याला त्या माडापाशी नेतो आणि खोडावरच्या एका खाचेत बोटं घालायला सांगतो. खाच दोन बोटं खोल आहे, कडा अजून हाताला लागतात. कधीची असेल, असं विचारलं की मुलं म्हणतात, दोन वर्षांची, फार तर पाच. ती खाच माझ्या आजोबांनी चढण्यासाठी पाडलेली आहे. आजोबांना जाऊन 41 वर्षं झाली.

आंब्याची फांदी तोडली तर दोन-चार पावसाळ्यांत कडेने साल चढत येते आणि जखम मिटते. आंब्या-फणसाच्या सालीखाली वाढत्या पेशींचा एक पातळ थर असतो. खोड जाड करण्याचं आणि जखम झाकण्याचं काम तोच करतो. माडाच्या खोडात हा थर नसतोच. माड हा गवत आणि बांबूच्या गोतावळ्यातला. त्याचं खोड म्हणजे मऊ गरात रोवलेली हजारो चिवट धाग्यांची जुडी. ती एकदा तयार झाली की पुढे ना जाड होते, ना भरून येते. आजोबांची खाच म्हणूनच तिथे आहे. माड उभा आहे तोवर ती राहणार.

गेली बारा वर्षं मी मालवण आणि वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीत नारळ पाडण्याचं, माड साफ करून औषध घालण्याचं आणि बंगल्यांतले, रिसॉर्टमधले शोभेचे पाम छाटण्याचं काम घेतो. खालून बघणाऱ्याला या कामातलं चढणंच दिसतं, आणि तेच कठीण वाटतं. खरं कठीण काम वर पोचल्यावर सुरू होतं. हातात कोयता असतो, समोर पस्तीस झावळ्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेक तशाच ठेवायच्या असतात.

सहा दिवसांचं शिक्षण

माझे बाबा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. पायात दोराचा वेढा, कमरेला लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता, एवढ्यावर ते दिवसाला तीस-पस्तीस माड चढायचे. छातीवर आणि पावलांच्या आतल्या बाजूला त्यांना काळे घट्टे पडले होते. मजुरीचे थोडे पैसे आणि वर माडामागे एक नारळ, असा तेव्हाचा हिशेब. 1996 च्या पावसाळ्यात ओल्या खोडावरून त्यांचा पाय सुटला. मांडीचं हाड मोडलं. त्या दिवसानंतर त्यांनी मला माडाला हात लावू दिला नाही. बारावी झाल्यावर मी मुंबईला गेलो आणि अंधेरीत कुरियरच्या धंद्यात अकरा वर्षं काढली.

आईच्या आजारपणामुळे 2013 साली गावी परतलो, तेव्हा वाडीत पाडेली उरले होते दोन, दोघेही साठीपुढचे. नारळ आपोआप गळून पडत होते. कौलं फुटत होती, आणि कोणी माडाखाली गुरं बांधत नव्हतं. माड ढीगभर होते, पण वर जाणारा माणूस नव्हता. ही अवस्था फक्त आमची नव्हती. केरळातही तेच चाललं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून नारळ विकास बोर्डाने 2011 साली ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. आमच्याकडे ते लागलं तेव्हा मी नाव घातलं. सहा दिवस, वीस जण, आणि शेवटी प्रत्येकाला एक चढण्याचं मशीन.

मशीन म्हटलं तरी त्याला ना इंजिन आहे ना मोटर. लोखंडाच्या दोन चौकटी असतात, एक डाव्या पायाची, एक उजव्या. खाली पाऊल ठेवायला जागा, वर हाताला मूठ, आणि खोडाभोवती तारेच्या दोराचा फास. एका पायावर भार दिला की त्या बाजूचा फास खोडाला घट्ट आवळतो. तेवढ्यात दुसरा पाय उचलायचा, त्याचा फास सैल होतो, तो हाताने वर सरकवायचा. मग त्याच्यावर भार. जिना चढावा तसं डावं-उजवं करत पन्नास फूट चढायला सरावाने तीन-चार मिनिटं लागतात. केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात चेंबेरी इथले शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी ही जोडी तयार केली. मोठं इंजिनिअरिंग न शिकलेल्या माणसाचं हे काम आज पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे वापरलं जातं.

पहिल्यांदा घरच्या माडावर चढलो तेव्हा बाबा काठी घेऊन खाली उभे होते. मी उतरल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. खोडाजवळ गेले आणि मशीन जिथून गेलं होतं तिथे त्यांनी हात फिरवला. मग म्हणाले, “वळ सुद्धा नाय उठलो.” दुसऱ्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. सहा दिवसांत जे झालं नव्हतं ते त्यांनी पुढची तीन वर्षं खालून ओरडून शिकवलं.

डोक्यातला जीव

“माडाचो जीव डोक्यात. थंय कोयतो लावचो नाय,” हा त्यांचा पहिला धडा. माडाला फांद्या नाहीत, म्हणजे दुसरा कोंबही नाही. सगळी वाढ शेंड्यातल्या एका गाभ्यातून होते. तो मेला की साठ फुटांचं झाड मेलं.

त्या गाभ्यातून साधारण महिन्याला एक झावळी बाहेर येते, वर्षाला बारा ते चौदा. प्रत्येक झावळी अडीच-तीन वर्षं टिकते. म्हणून निरोगी माडाच्या डोक्यावर तीस-पस्तीस झावळ्या असतात. झावळी गळाली की खोडावर तिचं एक कडं उरतं. कडी मोजा, बाराने भागा, खोड दिसायला लागण्याआधीची चार-पाच वर्षं मिळवा, माडाचं वय अंदाजाने सांगता येतं. कड्यांमध्ये अंतर भरपूर असेल तर ती वर्षं सुखाची गेली. कडी दाट असतील तर त्या वर्षांत माडाला पाणी किंवा खत कमी पडलं.

प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय निघते. पोय फुटते, फुलोरा येतो, बोंडं धरतात आणि नारळ तयार व्हायला अकरा-बारा महिने लागतात. शहाळं हवं तर सातव्या महिन्याला. एवढा काळ तो जड घड आपल्या झावळीच्या देठावर टेकलेला असतो. झावळी तोडली की घडाचा टेकू जातो, दांडा मोडतो आणि कच्चे नारळ गळतात. ‘वरून थोडं साफ केलं आणि नारळ का कमी झाले?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

झावळी पिवळी पडली म्हणजे तोडायच्या लायकीची झाली, असंही नाही. जमिनीत पालाश कमी असलं की माड खालच्या जुन्या झावळ्यांतलं पालाश काढून वरच्या कोवळ्या पानांना पुरवतो, म्हणून खालच्या पिवळ्या होतात. ती झावळी आपण काढली तर त्याचा साठा आपण काढला, आणि मग तिच्या वरची पिवळी पडायला लागते. पूर्ण वाळून तपकिरी झालेली झावळी तोडायची. पिवळीला थांबायचं, आणि बुंध्याभोवती खत घालायचं.

आणि हिरवी? बाबा म्हणायचे, “हिरवा चुडत म्हणजे माडाचा वाढलेला ताट. ता ओढून घेव नको.” ती तारेला लागत असेल किंवा छपरावर घासत असेल तर काढावीच लागते. तेव्हा खोडाशी सपाट न कापता चार फूट देठ ठेवायचा. कारण सोंड्या भुंगा. ताज्या जखमेच्या वासावर तो येतो आणि जखमेत अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेर दिसतं ते एक बारीक भोक आणि त्यातून ओघळलेला तपकिरी चीक. खोडाला कान लावला तर कधी कधी कुरतडण्याचा आवाज येतो. मधली पानं कोमेजलेली दिसली तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. देठ लांब ठेवला की अळी खोडापर्यंत पोचण्याआधी तो वाळून जातो.

गेंड्या भुंगा वेगळा. तो मिटलेल्या कोंबात शिरून पान कुरतडतो. ते पान उघडलं की कात्रीने त्रिकोणी काप काढल्यासारखं दिसतं. हा जन्मतो शेणखताच्या ढिगात, त्यामुळे माडावर चढून औषध करणाऱ्याने मालकाच्या उकिरड्याकडेही बघायला हवं. वर गेल्यावर मी तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढतो आणि कोंबाजवळच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून त्यांवर वाळू घालतो.

पावसाळ्यातला तिसरा शत्रू म्हणजे कोंब कुजणं. मधला कोंब फिका पडतो, ओढला तर हातात येतो आणि कुजका वास मारतो. लवकर कळलं तर कुजलेला भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावता येते. त्याआधीची काळजी म्हणजे पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. रोगट माडावर वापरलेला कोयता धुतल्याशिवाय मी दुसऱ्या माडावर नेत नाही.

चढायच्या आधी

सकाळी साडेसहाला आम्ही निघतो. मी आणि दोन मुलं, एक जुनी पिकअप, तीन मशीन, तीन पट्टे, दोर, कोयते. मशीनचा तारेचा दोर रोज बोटाने तपासायचा, एक तार तुटलेली लागली तरी ते मशीन त्या दिवशी बाजूला. कमरेचा पट्टा खोडाभोवती अडकवल्याशिवाय जमीन सोडायची नाही. खोड ओलं असेल तर चहा प्यायचा आणि ऊन येण्याची वाट बघायची. बाबांचा पाय बघितल्यापासून हा नियम मी कोणासाठी मोडला नाही.

मग माडाभोवती एक फेरी. कोयत्याच्या मुठीने खोड ठोकायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला, किंवा बुंध्याशी भुसा दिसला, तर चढायचं नाही, मालकाला सांगायचं. 2017 च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळून तिचा जीव गेला. ते ऐकल्यापासून रस्त्याकडेच्या माडांवर मी दोनदा ठोकून बघतो.

वर बघायचं ते तारांसाठी, गांधीलमाश्यांच्या पोळ्यासाठी आणि हुमल्यांसाठी. हुमले म्हणजे लाल मुंग्या, त्यांनी डोळ्याला दंश केला तर हात सुटू शकतो. पण सगळ्यांत मोठं भय विजेच्या तारेचं. हिरवी, ओलसर झावळी कापताना तारेवर कलंडली तर करंट तिच्यातून हातात येतो. तार जवळ असेल तर लाईनमनला बोलावून वीज बंद केल्यावरच काम.

खाली दोर बांधून जागा मोकळी करतो. लोकांना वाटतं, नारळ तर पडतोय. साठ फुटांवरून सुटलेला नारळ जमिनीवर येताना ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या वेगात असतो. सोडणासकट दीड-दोन किलो वजन. त्याच्याखाली कोणी नसावं, ही पाडेल्याची जबाबदारी.

पाडणीचा माझा दर माडामागे 80 रुपये आहे. डोकं साफ करून औषध घातलं तर 150. शोभेच्या पामचे उंचीप्रमाणे 300 पर्यंत. तिघांचाही नारळ विकास बोर्डाच्या ‘केरा सुरक्षा’ योजनेत अपघात विमा आहे. चढणाऱ्या प्रत्येकाने तो काढावा, असं मी भेटेल त्याला सांगतो, कारण बाबा पडले तेव्हा आमच्या घरात एक गाय विकली गेली होती. कापलेल्या सुक्या झावळ्या वाया जात नाहीत. वाडीतल्या बायका हीर काढून खराटे बांधतात, काही जणी झाप विणतात.

गावापेक्षा शहरातलं काम वेगळं. पालिकेच्या हद्दीत झाडं 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात. तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि छाटणीलाही आधी पालिकेला विचारावं लागतं. सोसायटीचा फोन आला की माझा पहिला प्रश्न परवानगीचा असतो. शेजारच्या गोव्यात 2016 साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड वगळला गेला होता. लोकांनी मोठा विरोध केला आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा झाडांत जागा देण्याचा निर्णय झाला. माडात आंब्यासारखं लाकूड नाही, हे खरं. पण जे झाड आपली जखम भरून काढू शकत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण जास्त हवं, असं मला वाटतं.

पामचे प्रकारही ओळखावे लागतात. रॉयल पाम आपलं पान वेळ झाली की स्वतः सोडतो. त्याच्या हिरव्या गुळगुळीत मानेला कोयता लावणं म्हणजे त्याला उगाच दुखवणं. भेर्ली माड वरून खाली फुलत येतो आणि शेवटचा फुलोरा झाला की मरतो. मालक औषध विचारतात. मी सांगतो, हा आजार नाही, याचं आयुष्यच एवढं. बियांतून आलेलं रोप दाखवतो आणि ते जपायला सांगतो.

चकाचक

आता जे सांगतो ते मी मुलांनाही सांगतो.

2014 साली किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं काम मला मिळालं. बावीस माड, वर्षातून दोनदा, माडामागे 300 रुपये. तोवरचं माझं सगळ्यांत मोठं काम. मालकाचं म्हणणं होतं, वर पाच-सहा पानं ठेवा, बाकी चकाचक करा. पाहुण्यांच्या डोक्यावर काही पडायला नको आणि वादळात वारा धरायला नको. मला माहीत होतं की हे चूक आहे. पण पैसे हवे होते, आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी बावीसच्या बावीस माड तसे केले. कामावरच्या मुलाने मोबाईलवर काढलेला फोटो मी बाबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघून एवढंच विचारलं, “माड आजारी आसत?”

तीन वर्षं मी ते काम केलं. 2016 च्या ऑक्टोबरात दोन माडांच्या खोडातून तपकिरी चीक ओघळताना दिसला. महिनाभरात दोघांची डोकी कलंडली. तोडून फाडले तेव्हा आत अंगठ्याएवढ्या अळ्या होत्या आणि धाग्यांत गुंडाळलेले कोष. सोंड्याला आत यायची वाट मी माझ्या कोयत्याने करून दिली होती, प्रत्येक हिरव्या देठाला एक.

त्या संध्याकाळी मालकासमोर बसून मी चूक कबूल केली आणि पुढे असं कापणार नाही म्हणून सांगितलं. डोक्यावर नारळ पडण्याची भीती असेल तर पानं नव्हे, घड काढायचे. वर्षातून सहा वेळा येईन, तयार होण्याआधीच घड उतरवेन आणि वाळलेली झावळी लोंबकळायच्या आधी खाली आणेन. वाऱ्याचं म्हणाल तर माडाचं पान मुळातच चिरलेलं असतं, वारा पातींमधून निघून जातो. खालची पानं कोवळ्या गाभ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. ती काढली की वादळात गाभा एकटा पडतो. घड्याळात नऊ आणि तीनवर काटे ठेवले तर जी आडवी रेघ होते, तिच्या वरचं एकही पान मी कापणार नाही. मालक दोन दिवसांनी हो म्हणाले.

झालेली चूक मात्र हळूहळू वर आली. पानं नसली की माडाला अन्न कमी पडतं आणि त्या वर्षांत शेंड्यात तयार होणारं खोड बारीक होतं. ते तेव्हा झावळ्यांच्या देठांत झाकलेलं असतं. 2019 पर्यंत देठ गळून ते उघडं पडलं. वीस माडांच्या माना पेन्सिलीला टोक काढावं तशा निमुळत्या झाल्या होत्या. खोड पुन्हा जाड होत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा त्यांतला एक मोडला, नेमका त्या निमुळत्या जागी.

उरले एकोणीस. त्या रिसॉर्टला मी आजही जातो, दर दोन महिन्यांनी. चढताना मशीनचा फास त्या जागेशी आला की सैल पडतो, तो आवळून घ्यावा लागतो. दर वेळी हाताला कळतं की 2014 ते 2016 इथे आहे. मग पुढे सरकलं की फास पुन्हा मोठा करावा लागतो. त्या बारीक मानेच्या वर आता सहा-सात फूट सरळ, भरलेलं खोड उभं राहिलं आहे, आणि त्याच्यावर पस्तीस झावळ्या आहेत.

नवा मुलगा पहिल्या दिवशी विहिरीकाठच्या माडाला हात लावतो. महिन्याभराने त्याला मी या एकोणीसांपैकी एकावर पाठवतो आणि मानेशी थांबायला सांगतो. आजोबांची खाच दाखवताना मी शेजारी उभा असतो. इथे मात्र मी खाली राहतो. तो वरून विचारतो, “दादा, ह्या कोणी केल्यान?” मी त्याला खालून सांगतो, “मी.”